आनाची बादली

मी अलास्कात वाढले असं बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळात कुणाला कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अय्या, आम्ही क्रूझला गेलो होतो! तुम्हाला नॉर्दर्न लाइट्स रोज दिसायच्या का हो?" मी हो म्हणते आणि मोदक खाते. क्रूझ जिथं संपते तिथून आमचं गाव आणखी किती तरी वर, झाड म्हणून उगवत नाही अशा मुलखात होतं, हे मी सांगत बसत नाही. गणपतीच्या हॉलमध्ये शिशाच्या धुळीची गोष्ट काढली, तर पुढच्या वर्षी मला वर्गणीपुरतंच विचारतील. पण आता साठी उलटली. आई गेली, बाबा गेले. ज्यांची अब्रू सांभाळायची म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले ती माणसंच राहिली नाहीत, आणि माझी स्वतःची अब्रू मला फारशी सांभाळावीशी वाटत नाही. तेव्हा ही झाकली मूठ आता उघडते.

गाव म्हणजे समुद्रात घुसलेली वाळूची एक पट्टी. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला दलदल, मध्ये पाचपन्नास घरं, शाळा, चर्च, एक दुकान आणि विमान उतरायला खडीची धावपट्टी. आत डोंगरात शिशाची आणि जस्ताची खाण होती. तिथलं खनिज कुटून केलेली काळपट भुकटी मोठमोठ्या ट्रकांतून गावालगतच्या बंदरावर यायची आणि उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाजांत चढायची. बाबा बंदरावरच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. कंपनीचे बाकीचे लोक कॅम्पात राहत, दोन आठवडे काम करून विमानानं आपापल्या घरी जात. बाबांना जायला दुसरं घरच नव्हतं, म्हणून त्यांनी शाळेजवळ एक लाकडी घर भाड्यानं घेतलं आणि आम्हा दोघींना तिथं नेऊन ठेवलं. ते मूळचे नागपूरपलीकडच्या मँगनीजच्या खाणीवरचे. माझे आजोबा त्या खाणीत उतरायचे आणि पन्नाशीच्या आत खोकून खोकून गेले. बाबांना धूळ म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. हे मी मुद्दाम इथंच लिहून ठेवते, कारण पुढे मला त्यांची दया येईल आणि मी विसरेन.

घरात सतत तीन आवाज असत. जनरेटरची घरघर, दूरवर चढावर गिअर बदलणारे ट्रक, आणि स्वयंपाकघरातला रेडिओ. तो गाण्यांचा रेडिओ नव्हे. गावातल्या प्रत्येक घरात बोलायचा एक रेडिओ असे आणि सगळे त्यावरून एकमेकांना निरोप देत. कुणाला व्हेल दिसला, कुणाकडे पाव भाजलाय, कुणाचं पोर अजून घरी आलं नाही, सगळं सगळ्यांना ऐकू जायचं. आईला त्या रेडिओचं फार वेड. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण रोज सकाळी ती पदराला हात पुसून बटण दाबायची आणि "गुड मॉर्निंग एव्हरीबडी, धिस इज इंडिया हाउस" असं म्हणून गावभराचे हसरे जबाब ऐकायची. नागपूरच्या महाल भागातल्या चाळीत वाढलेली बाई; माणसांचा आवाज नसला की तिला जेवण जात नसे.

शेजारी एस्तेर नावाची म्हातारी राहायची. तिकडे आजीला 'आना' म्हणतात, म्हणून सगळं गाव तिला आनाच म्हणे. बाबा म्हणायचे, रुपयात आणे सोळा, आपल्याकडे एकच, पण खणखणीत. आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात ती रेनडिअरच्या जातीच्या हरणाची, कॅरिबूची, अख्खी मांडी घेऊन दारात उभी राहिली. आईनं जन्मात अंडं फोडलं नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि हात जोडून "सॉरी, सॉरी, नो मीट" म्हणत राहिली. म्हातारीनं मांडी खांद्यावर टाकली आणि गेली. पुढे सीलचं तेल आलं, वाळवलेले मासे आले, सगळं परत गेलं. गावात एखाद्यानं दिलेलं अन्न न घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. अखेर ऑगस्टात आना एक पांढरी प्लास्टिकची बादली घेऊन आली. दुकानातल्या डालड्यासारख्या तुपाची रिकामी बादली, निळ्या झाकणाची. आत केशरी रंगाची, रास्पबेरीसारखी फळं काठोकाठ. त्यांना अक्पिक म्हणतात. बर्फाळ ओल्या रानात जमिनीलगत एकेका झुडपाला एकच फळ धरतं. ती बादली भरायला त्या गुडघेदुखीच्या बाईला सबंध दिवस ओणवं राहावं लागलं असणार. आईनं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, हे तर आंबट-गोड, आपल्या करवंदाच्या वंशातलं." आनाला त्यातलं काही समजलं नाही, पण समजलंही.

त्या फळांचा आईनं साखरांबा केला, वेलची घालून. आणि बादली परत द्यायची वेळ आली तेव्हा तिनं ती धुऊन, पुसून, बेसनाच्या लाडवांनी भरली. मला पुढे घालून आनाकडे नेली आणि म्हणाली, "सांग तिला, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपला." मी सांगितलं. आनानं लाडू हातात फिरवून पाहिला, "येलो स्नोबॉल" म्हणाली, आणि मला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, ही चांगली रीत आहे. मी लक्षात ठेवीन." तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती बादली पाच-सहा खेपा करायची. फळं यायची, शंकरपाळे जायचे. फळं यायची, चिवडा जायचा. मांस, तेल, मासे नाकारणाऱ्या आमच्या घराला त्या गावाशी बांधणारं तेवढंच एक सूत होतं.

तिथली आणखी एक भाषा मी फार लवकर शिकले. त्या गावात 'हो' म्हणायला तोंड उघडत नाहीत. भुवया वर केल्या की हो. नाक आक्रसलं की नाही. आनाची नात रूबी माझ्याच वर्गात होती, आणि आम्ही दोघी सबंध दुपार एक शब्दही न बोलता भांडू शकत होतो. घरी मी तसंच करायला लागले तेव्हा आई वैतागायची. "जेवतेस का?" भुवया वर. "अगं, भुवया काय उडवून राहिली? जेवतेस का म्हटलं!" आपल्याकडे भुवया वर गेल्या की आश्चर्य, नाही तर कपाळाला आठ्या पाडायची तयारी. तिकडे तो साधा, सरळ होकार. या दोन अर्थांच्या मधल्या फटीत मी पुढे लपले, म्हणून हे सांगून ठेवते.

आना अक्पिक कुस्करून, चरबी आणि साखर घालून फेसायची आणि आम्हा पोरींना वाटीत द्यायची. आई त्याला 'एस्किमोंचं श्रीखंड' म्हणे आणि चरबी आहे म्हणून लांबूनच वास घेई. फेसता फेसता आना बोलायची. तिच्या आजीच्या वेळी सोनं शोधणारे आले. त्यांनी नद्या उपसल्या, किनाऱ्यावर गोटे रचून ठेवले, आणि जाताना ताप ठेवून गेले. घरंच्या घरं ओस पडली. एका टेकाडावर अजून त्यांचं एक गंजकं यंत्र उभं होतं. आम्ही त्याच्या दातांवर चढून खेळायचो. "त्यांनी विचारलं नव्हतं," आना म्हणायची. "हे आत्ताचे निदान विचारून आले. कागद दाखवले. शाळेला जिम दिलं. माझ्या वॉल्टरला काम दिलं." वॉल्टर म्हणजे तिचा मुलगा, रूबीचा बाप. तो खनिजाचा ट्रक चालवायचा आणि गावाजवळ आला की आपल्या आईसाठी दोनदा हॉर्न वाजवायचा. तो हॉर्न ऐकून आनाच्या चेहऱ्यावर जे पसरायचं त्यापुढे खाणीविरुद्ध कुणी काय बोलणार होतं?

मी दहा वर्षांची होते त्या ऑगस्टात शिकागोच्या मामीनं साबुदाणा पाठवला. आईनं हौसेनं पापड्या घातल्या. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही आणि वाराही भरपूर, म्हणून ती म्हणायची की वाळवणाला याच्यासारखा देश नाही. शेडच्या छपरावर पांढरी चादर अंथरून पापड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी उचलायला गेली तर प्रत्येक पापडीवर राखाडी थर. बोट फिरवलं की रेघ उमटत होती. आई संतापली, "कोणी चुलीची राख उडवली?" चूल गावात कुणाकडेच नव्हती. बाबा कामावरून आले, त्यांनी एक पापडी खिडकीशी धरली, आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही. वारा खाणीच्या रस्त्याकडून होता. ट्रकांवर तेव्हा नुसती ताडपत्री असायची, तीही दोरीनं बांधलेली, फडफडणारी. त्यांनी ती पापडी कागदात गुंडाळली. टेबलावर आनाची ताजी बादली होती; तिच्यातली मूठभर फळं दुसऱ्या कागदात घेतली आणि ते पुन्हा लॅबला गेले.

परत आल्यावर त्यांनी आधी हात धुतले, दोनदा. मग आईला म्हणाले, "आजपासून ते फळ खायचं नाही. शिसं आहे त्याच्यावर. लहान पोरांच्या डोक्यात जातं ते."

"धुऊन घेतलं तर?" आईनं विचारलं.

"धुतलं तर बरंचसं जाईल."

"मग झालं की! आनाला सांगते, धुऊन खात जा. त्यांच्यात कुणी फळ धूत नाही हो. रूबीचा धाकटा भाऊ, तो टॉमी, आत्ताशी रांगून राहिला, त्याला ती कुस्करून भरवते."

"आणि ती विचारेल का म्हणून, तर?"

मी विचारलं, "बट व्हाय, बाबा? व्हाय कान्ट वी टेल?" त्यांनी मला जवळ बसवलं. ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. लॅबमध्येच त्यांनी साहेबाला निकाल दाखवला होता म्हणे. साहेबानं कागद उलटा ठेवला आणि विचारलं, हे नमुने तुला कुणी आणायला सांगितले? मग फार प्रेमानं चौकशी केली, तुमच्या ग्रीन कार्डाचं कुठवर आलं? अर्ज कंपनीनं केलेला होता. कंपनीनं तो मागं घेतला असता तर आम्ही महिन्याभरात नागपूरला, आणि तिथं बाबांना विचारत कोण होतं? "हात दगडाखाली आहे बेटा," ते म्हणाले. "थोडे दिवस. मग काढून घेऊ." मी मान डोलावली. दगडाखाली आणखी कुणाकुणाचे हात होते, हे मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

आणि बादली येतच राहिली. आनाला येऊ नको म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण सोडून एकही कारण आईला सुचेना. ती दारात हसून बादली घ्यायची, "थँक्यू आना, व्हेरी टेस्टी" म्हणायची, दार लावायची आणि माझ्या हातात द्यायची. शेडच्या मागे बाबांनी कचऱ्यासाठी एक खड्डा केला होता. मी ती केशरी फळं तिथं ओतायची, वर थोडी माती लोटायची. आई बादली घासून काढायची, दोनदा, तीनदा, आणि लाडू वळायला बसायची. ताकाला जाऊन भांडं लपवतात असं आपण म्हणतो. आम्ही भांडं राजरोस नेत होतो आणि ताक लपवत होतो. एकदा मी ओतून परत येत होते तेव्हा रूबीच्या पायरीवर टॉमी बसलेला दिसला, तोंड, हनुवटी, पोट सगळं केशरी. मला बघून त्यानं भुवया वर केल्या. खायला हवं का, असं मी न विचारताच त्याचा हो. मी घरात पळाले.

माझा मुलगा परवा मला म्हणाला, "आई, यू आर बीइंग अनफेअर. तुझ्या इलेक्ट्रिक कारला कुठून येतं सगळं? समबडी हॅज टू डिग." तो इंजिनिअर आहे, त्याचं बरोबर असतं. खणायचं असतंच. माझं म्हणणं एवढंच होतं, की खणून झाल्यावर फळं धुऊन खा एवढं तरी सांगायचं असतं. तो "आय नो, आय नो" म्हणाला आणि फोनकडे वळला.

ऑक्टोबरात शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळायच्या मोठ्या हॉलमध्ये, मीटिंग झाली. रस्त्याकडेची खुरटी झुडपं राखाडी झाली होती, कॅरिबू रस्ता ओलांडायला बिचकत होते, शिकाऱ्यांनी कुरकुर सुरू केली होती. कंपनीचे दोन लोक विमानानं आले. त्यांनी पडद्यावर तक्ते दाखवले आणि धूळ नैसर्गिक आहे, डोंगरात शिसं होतंच, ते वाऱ्यानं उडतं, असं समजावलं. बाबा लॅबच्या लोकांत, पहिल्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर बसले होते. आई आणि मी मागं. कुणी तरी विचारलं, मग बेरी खायच्या का? त्या माणसानं पुन्हा पहिला तक्ता लावला.

तेव्हा आना उठली. गावात ती बोलायला उठली की पोरंसुद्धा गप्प होत. ती पडद्याकडे गेली नाही. बाबांच्या पुढूनही गेली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं फक्त. सावकाश, गुडघे धरत, आमच्या रांगेपाशी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मोठी माणसं कागद वाचतात," ती इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी हिला विचारते. हिचा बाप लॅबमध्ये असतो. त्याला माहीत असेल. वाईट असतं तर त्यानं आपल्या पोरीला खाऊ दिलं नसतं." मग माझ्याकडे वाकून, अगदी स्वयंपाकघरातल्या आवाजात, "माझ्या बेरी खाल्ल्यास ना यंदा?"

सबंध जिम माझ्याकडे बघत होतं. रूबी बघत होती, तिच्या मांडीवर टॉमी. वॉल्टर दाराशी, हातात टोपी. बाबा वळले नाहीत. त्यांच्या मानेच्या मागचा भाग मात्र लाल झाला होता. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. नाक थोडंसं आक्रसायचं, बस. एक शब्द बोलायचा नव्हता. मी भुवया वर केल्या.

सुटल्यासारखा एक आवाज खोलीभर झाला. कंपनीचा माणूस हसला. आना मात्र हसली नाही. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग वळून आपल्या खुर्चीकडे गेली.

घरी आल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू घाबरलीस," ते म्हणाले. "दचकलं की भुवया वर जातातच. त्यांनी हो समजलं, त्याला तू काय करणार?" फार प्रेमानं दिलेलं खोटं होतं ते आणि मी ते घेतलं. पुढची कित्येक वर्षं मी तेच स्वतःला सांगत आले, की मी मराठी भुवया वर केल्या होत्या. आज लिहून टाकते: ती त्यांची खूण होती, मला तिचा अर्थ माहीत होता, आणि मी हो म्हटलं. खोटं हो. ग्रीन कार्ड त्याच हिवाळ्यात आलं. पुढे बाबांची बढती झाली, आम्ही अलास्का सोडून खाली आलो, मी शिकले, घर झालं. काही वर्षांनी ट्रकांवर पक्की झाकणं बसवली, असं बाबांनी एकदा जेवताना सांगितलं, आणि भात मागितला. टॉमीचं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. हेही लिहायलाच हवं.

मीटिंगच्या आदल्या दिवशीच आईनं बादली लाडवांनी भरून पाठवली होती. मीटिंगनंतर दोन दिवसांनी रूबी ती घेऊन आली. निळं झाकण लावलेलं. आईचा चेहरा उजळला. बेरींचा मोसम संपला होता, पण आना आणखी काही पाठवते आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. तिनं झाकण उघडलं. बादली लख्ख धुतलेली होती, कोरडी पुसलेली, आणि रिकामी.

आईनं आत हात घातला, तळाशी काही चिकटलंय का बघावं तसा. मग झाकणाची आतली बाजू पाहिली.

"विसरली असेल," ती मराठीत मला म्हणाली.

रूबीला मराठी येत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हळूच इंग्रजीत म्हणाली, "आनानं तुमचा खड्डा पाहिला होता. मीटिंगच्या आधी. तिला वाटलं, तू तरी सांगशील."

मी आईसाठी त्याचं भाषांतर केलं नाही. पण 'खड्डा' या अर्थाचा तो शब्द आईला येत असावा. तिनं बादली पोटाशी धरली. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत तिनं विचारलं, "आना कम? टी? टुमॉरो, आना कम?"

रूबीनं नाक आक्रसलं.